बोलत कर

वत्सला ओव्हाळ बोलत असली की मला धीर असतो. ती गप्प झाली की माझ्या हातातलं काम थांबतं. असं का, ते सांगायचं तर सत्त्याहत्तर सालच्या फाल्गुनातला शिरूरचा दिवस सांगायला हवा. पण आधी वत्सू कोण ते सांगते, नाहीतर तो दिवस कळायचा नाही.

दौंडला रेल्वेच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लावून ओव्हाळांचं बिऱ्हाड. तिचे वडील यार्डात पॉइंट्समन, आई धुरपदा घरीच. आमचे हे पार्सल ऑफिसात. माणसं माझ्याच माहेरची, निमोण्याची. गावात त्यांची वस्ती ओढ्यापलीकडं आणि आमचं घर अलीकडं. गावातच राहिलो असतो तर जन्मात एकमेकींचा उंबरा ओलांडला नसता. रेल्वेनं आणून शेजारी बसवलं. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, माझ्या देव्हाऱ्यात विठोबा. सकाळी त्यांची वंदना आणि माझा जप एकाच वेळी चालायचा. धुरपदा बंबाला जाळ घालता घालता ओरडायची, "वयनी, तुमचा देव बहिरा हाय का? जरा हळू घ्या की!" मी म्हणायची, "तुमच्या मालगाड्यांच्या शिट्ट्यांत त्याला ऐकू कसं जायचं?"

वत्सू त्या घरातली सगळ्यात गप्प. धुरपदा दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणार आणि ही कोपऱ्यात पुस्तक घेऊन. हसली तरी आवाज नाही. बोर्डात चांगले मार्क मिळवले, डॉक्टर झाली, आणि पुढं कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांचं शिकायला पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात राहिली. तिथं डॉक्टरांना शिकवतात. रविवारी सुट्टी मिळाली तर शटलनं घरी यायची, झोपायची, आणि सोमवारी पहाटे परत.

असाच एक रविवार. दुपारी मी तुळशीपाशी तांदूळ निवडत बसले होते. भिंतीपलीकडून वत्सूचा आवाज आला, "मधली रेष. बोटाखाली कडी. शीर आहे, बाजूला घेते." थोडं थांबून पुन्हा तेच. मला वाटलं, पाठांतर चाललंय. चांगली गोष्ट, पोरगी तोंड उघडायला लागली. कौतुकानं वाकून बघितलं तर परातीत बोकडाच्या गळ्याची नळी, आणि ही हातात बारीक सुरी घेऊन तिच्याशी बोलतेय!

माझ्या गळ्यात माळ आहे. मी मागच्या मागं सरकले. "अगं, हे काय आरंभलंयस?"

"अभ्यास, मावशी."

"बोकडाशी बोलायचा?"

धुरपदा आतून म्हणाली, "बोकडाशी तरी बोलू द्या. मानसांशी बोलायला हिला कुठं येतंय?"

मग वत्सूनं सांगितलं, आणि तिच्या मानानं पुष्कळ सांगितलं. त्यांचे मोठे सर म्हणजे डॉक्टर पाटणकर. त्यांचा एक नियम. हात जे करतो ते तोंडानं सांगायचं. बोट ठेवायच्या आधी सांगायचं, कापायच्या आधी सांगायचं, शंका आली तर तीही सांगायची. जो गप्प झाला त्याच्या हातातली सुरी सर तिथंच काढून घेतात.

"का गं?"

"गप्प झालेला माणूस विचार करतोय, घाबरलाय की चुकलाय, हे समोरच्याला कळत नाही म्हणतात. कळेपर्यंत पेशंट जातो."

"आणि तुझी कधी काढून घेतली?"

तिनं सुरी पुसली. "मी बोलायचं विसरते. हात चालायला लागला की बोलणं राहतं. सगळ्यांसमोर काढून घेतात. परवा म्हणाले, तुझा हात चांगला आहे, ओव्हाळ, पण तोंड नाही. तोंड आल्याशिवाय मी तुला सर्जन म्हणणार नाही."

परात वेगळी ठेवा एवढं मी धुरपदाला बजावलं, आणि त्याच संध्याकाळी तुळशीचं डबडं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. वत्सूनं ते पाहिलं.

आता फाल्गुन. दरवर्षी या दिवसांत मी निमोण्याला जाऊन वर्षाची चिंच घेऊन येते. माहेरी बांधावर दोन जुनी झाडं आहेत. त्या वर्षी माझा भाऊ हौसराव आणि त्याचा मुलगा कांदा घेऊन पुण्याच्या मार्केटला गेलेले. घरात बाया तेवढ्या: माझी भावजय सोजरावहिनी, तिची सून मालन, आणि मालनची तीन वर्षांची छबी. पडवीत आम्ही तिघी चिंच फोडत बसलो होतो. छबी चिंचोके गोळा करून डब्यात टाकायची, डबा वाजवायची, परत ओतायची. मांजराच्या पिलानं त्या डब्यात तोंड घातलं आणि डबा डोक्यात अडकून ते आंधळ्यासारखं पडवीभर फिरायला लागलं. छबी खदाखदा हसली. आणि हसता हसताच थांबली.

एक चिंचोका तिच्या तोंडात होता, हे आम्हाला त्या क्षणी कळलं. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. ओठ निळे पडले. मालननं तिला पाय धरून उलटी केली, पाठीत धपाटे घातले. खोकला आला, श्वास आला, मग रडणं आलं. आम्ही तिघींनी देवाचं नाव घेतलं.

"गिळला बगा," वहिनी म्हणाली. "उद्या परसाकडंला पडंल." आणि आत जाऊन केळं घेऊन आली. आमच्याकडं घशात काही अडकलं की केळं चारायचं, मग तो माशाचा काटा असो की पाच पैशाचं नाणं. केळं पुढं ढकलत नेतं. माझ्या आईनं मला चारलंय, मी माझ्या मुलांना चारलंय. छबीनं खाल्लं आणि खेळायला गेली.

पण सकाळी तिचा श्वास वेगळा यायला लागला. श्वास घेतला की गळ्यात 'टप्' वाजायचं, सोडला की पुन्हा 'टप्'. कुणी आतून दार लोटतंय असं. मालन तिच्या छातीला कान लावून बसली, आणि वर बघेना.

चावडीच्या फळ्यावर लिहिलेलं होतं की शिरूरच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचं शिबिर आहे, पुण्याचे डॉक्टर येणार आहेत. पहिल्या यष्टीनं निघालो. शिरूरला उतरल्यावर केसपेपर काढायला मी पुढं गेले, मालन छबीला पाणी पाजू की नको विचारत माझ्या मागं आली. "काहीही देऊ नकोस," मी म्हणाले. वहिनी छबीला कडेवर घेऊन मागाहून आली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कान वाहणारी पोरं, बहिऱ्या म्हाताऱ्या, नाकातून बोलणारे बाप्ये. कपाळावर गोल आरसा बांधून एक बाई डॉक्टर दारात आली, आणि बघते तर वत्सू! तीही चमकली. "मावशी? तुम्ही इकडं?" हसू तिच्या चेहऱ्यावर आलं होतं, ते छबीचा श्वास ऐकून तिथंच विझलं. तिनं केसपेपर बघितला नाही. छबीच्या तोंडाजवळ कान नेला, दोन बोटं तिच्या गळ्याच्या खळीवर ठेवली, आणि आत वळून म्हणाली, "सर, जरा येता?"

पाटणकर सर ठेंगणे, कानांवरचे केस पांढरे, हात पाठीमागं बांधलेले. त्यांनी छबीला हात न लावता वत्सूला विचारलं, "काय आहे?"

"चिंचोका. श्वासनलिकेत. हलता आहे, खाली-वर आपटतोय. बोटाला लागतो."

"हलता आहे म्हणजे काय होऊ शकतं?"

वत्सूनं आमच्याकडं बघितलं. सर म्हणाले, "त्यांनाही कळू दे."

"ओलाव्यानं फुगतो. वर येऊन घाटीत, नळीच्या तोंडाशी, अडकला तर श्वास बंद."

सरांचा आवाज शांत होता. ते मालनला म्हणाले, भूल देऊ, तोंडातून एक बारीक नळीची दुर्बीण घालू, चिमट्यानं धरून काढू. दुर्बीण त्यांच्या पेटीत होतीच. "सकाळपासून पोटात काही गेलंय का? पाणी, दूध, काही?"

"न्हाई," मालन म्हणाली.

"पानी सुदिक न्हाई," वहिनी म्हणाली.

भूल देणारे डॉक्टर तयारीला लागले. छबीला उचलायचं एवढ्यात वत्सू वहिनीसमोर येऊन उभी राहिली. आतापर्यंत ती पुण्याची भाषा बोलत होती. आता गावची बोलली.

"काकी, केळी कुठल्या गाड्यावरची घ्यातली? गोड निघाली का?"

"यष्टी स्टँडाच्या बाहीरची..." वहिनी म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. पदर तोंडावर गेला. घशात अडकलं की केळं, ही निमोण्याची रीत वत्सूलाही ठाऊक होती.

मालननं सासूकडं बघितलं. "मामी?"

"दोनच व्हती," वहिनी पदराआडून म्हणाली. "न्हान न्हान. म्या म्हनलं उतरंल खाली. डाक्टरला सांगितलं तर म्हनत्याल अडानी हाय..."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आता भूल देता येणार नाही. भुलेत उलटी झाली तर केळं फुप्फुसात जाईल, आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही. पोट रिकामं होईपर्यंत थांबायचं. तोवर चिंचोक्यानं थांबायला हवं."

"म्या पोरीचा घात क्येला व्हय?" वहिनी मटकन खाली बसली.

"न्हाई काकी," वत्सू म्हणाली. "तुमी सांगितलं म्हनून वाचलं. भूल दिल्यावर कळलं असतं तर घात झाला असता."

आम्हाला ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. दाराला फळी नव्हती, हिरवा पडदा होता. मालननं छबीला उभी धरलेली, कारण आडवी केली की श्वास जास्त वाजायचा. आत भांड्यांचा आवाज, पाणी उकळतंय, कुणीतरी चिमट्यानं वस्तू मांडतंय. सर बाहेर आले, वत्सू त्यांच्या मागं.

"दोन गोष्टी सांगतो," सर म्हणाले. "थांबता आलं तर भूल देऊन दुर्बिणीनं काढू. पण मध्येच अडकला, तर गळ्याला इथं खाली बारीक वाट करावी लागेल श्वासाला. तयारी करून ठेवली आहे. ते डॉक्टर ओव्हाळ करतील, मी डोकं धरीन."

वहिनी उठली. रडणं बाजूला राहिलं. "तुमी का न्हाई? तुमी मोठं डाक्टर."

"लहान मुलाचा गळा म्हणजे डोकं सरळ धरणं, अर्धं काम तेच. ते मी करतो."

"ही आमच्या गावची गनपत ओव्हाळाची पोर. शिकतीया अजून." वहिनीनं वत्सूकडं बघितलं नाही. शिकतेय म्हणून नको की ओव्हाळाची म्हणून नको, हे त्या वेळी वहिनीला तरी सांगता आलं असतं की नाही, देव जाणे. "हिनं असं क्येलंय का कवा?"

"मोठ्या माणसांचं केलंय, माझ्यासमोर. एवढ्या लहान मुलाचं नाही."

"म्हंजी आमच्या पोरीवर शिकनार?"

रांगेतल्या बाया कान टवकारून ऐकत होत्या. मला वाटलं सर आता गोड काहीतरी बोलतील, वेळ मारून नेतील. सर म्हणाले, "हो."

मग म्हणाले, "मी पण कुणाच्या तरी लेकरावर शिकलो, बाई. पुढच्या वर्षी ही एखाद्या तालुक्याला एकटी असेल आणि समोर असंच मूल येईल. तेव्हा डोकं धरायला मी नसेन. आज आहे. तरी तुम्ही नको म्हणालात तर मी करीन, डोकं ती धरेल. तुमचं लेकरू आहे."

वत्सू भिंतीला टेकून उभी. नजर जमिनीवर. तिनं एकदा म्हणावं, मला येतं, मी करते. एवढंच मी मनात घोकत होते. पण ती वत्सू.

वहिनी माझ्याकडं वळली. "वन्सं, तुमच्या भितीला भीत हाय. तुमी सांगा. हाय का हात हिला?"

माझ्यासमोर ती परात आली, ती नळी, ते सुरी काढून घेणं. मालन माझ्याकडं बघत होती. "हात चांगला आहे असं तिचे सरच म्हणतात," मी म्हणाले. खरं होतं ते. पण सर पुढंही काही म्हणाले होते, आणि ते माहीत असलेल्या आम्ही दोघी, मी आणि वत्सू, तिथं उभ्या होतो.

"मालन, तू सांग," वहिनी म्हणाली.

मालनला सांगायची वेळच आली नाही. समोरच्या माठात कुणीतरी ग्लास बुडवला. छबीनं ते बघितलं आणि "पाणी, पाणी" करत हात पसरले. मालननं हात धरला. छबी रडायला लागली, रडता रडता खोकली, आणि तो टप् टप् आवाज थांबला. सकाळपासून जो आवाज आम्हाला नकोसा झाला होता, तोच थांबला.

छबीचे पाय ताठ झाले. गळ्याखाली खड्डा पडला, श्वास ओढतेय आणि येत नाही.

मालननं सासूला विचारलं नाही, मला विचारलं नाही. दोन ढांगांत जाऊन तिनं पोरगी वत्सूच्या हातात दिली. "घे गं बाई. काय करायचं त्ये कर."

पडदा पडला. आम्ही बाहेर.

मी माळ हातात घेतली. आतून आधी भांडं सरकल्याचा आवाज, मग वत्सूचा आवाज. भिंतीपलीकडून यायचा तसाच, बारीक.

"खांद्याखाली उशी. मान ताणली. डोकं मधोमध आहे, सर?"

"मधोमध. पुढं."

"मधली रेष. सुरी लावते."

"लाव."

"कातडी उघडली. रक्त पुसा. शीर दिसते. बाजूला घेते. घेतली."

माझा जप त्या आवाजाच्या मागं मागं चालला होता. ती एक म्हणाली की मी एक मणी ओढायची. आणि मग पुढचा शब्द आला नाही.

मणी बोटात धरून मी बसले. काही नाही. चिमटा ठेवल्याचा आवाज, पुन्हा काही नाही.

"बोलंना का?" वहिनी माझा दंड धरून म्हणाली. "वन्सं, ती बोलंना का?"

मला माहीत होतं का ते. आता सर सुरी काढून घेणार. घेऊ देत, मी मनात म्हणाले, घेऊ देत एकदाची, पण लवकर! आणि लगेच वाटलं, सुरी ह्या हातातून त्या हातात जाईपर्यंत छबीत काय उरेल? त्यांनी डोकं सोडलं तर मान वाकडी होईल. देवाचं नावसुद्धा ओठांवर थांबलं.

"वत्सला." सरांचा आवाज. चढलेला नाही, घाईचा नाही. आडनावानं नाही, नावानं. "बोलत कर."

"सर... बोटाखाली मऊ लागतंय. मोठ्या माणसाच्या नळीची कडक कडी लागते, तशी लागत नाही. नळी आहे की मोठी शीर, मला नक्की कळत नाही."

"मग काय करशील?"

मला त्या माणसाचा असा संताप आला! पोर मरतेय आणि हा परीक्षा घेतोय!

"पिचकारीत थोडं पाणी घ्या. सुई घालून ओढून बघते. हवा आली तर नळी, रक्त आलं तर शीर."

"बघ."

"घातली. ओढते."

मालन पडद्याला चिकटून उभी होती, तिच्या श्वासानं पडदा हलत होता.

"बुडबुडे," वत्सू म्हणाली. "सर, बुडबुडे आले!"

"मग वाट कशाची बघतेस?"

"उघडते."

सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा आवाज झाला. मागोमाग एक ओला खोकला. आणि मग टण्! काहीतरी जाऊन पत्र्याच्या ट्रेवर आपटलं आणि गडगडत गेलं.

आम्ही रडणं ऐकायला कान लावले. पोरगं वाचलं की रडतं, एवढं आम्हा बायांना कळतं. जन्मल्या घडीपासून आपण तेच ऐकायला थांबलेलो असतो. आतून रडणं आलं नाही. खोकला थांबला, आणि मग काहीच नाही.

"रडली न्हाई," मालन म्हणाली. अगदी हळू. "आत्या, पोर रडली न्हाई."

वहिनीनं कपाळ बडवून घेतलं. रांगेतली एक म्हातारी उठून मालनला धरायला आली. मी डोळे मिटले. खरं सांगते, त्या घडीला माझ्या मनात विठोबा नव्हता. ट्रेवर आपटलेला तो आवाज तेवढा होता.

"मालन!" आतून हाक आली. वत्सूची. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, ना आधी ना नंतर. आणि बोलली ती गावच्या बोलीत. "मालन, ऐकतीस का? रडतीया ती! आवाज येनार न्हाई. वारा खालच्या वाटंनं जातुया, म्हनून आवाज न्हाई. पर रडतीया. डोळ्यातनं पानी येतंय. माझं बोट धरलंय. ऐकतीस ना? गुलाबी झालीया तुझी पोर!"

मालन पडद्याबाहेरच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. छबीचंही तिनंच रडून घेतलं.

संध्याकाळच्या आत इस्पितळाच्या जीपमधून छबीला पुण्याला नेलं. गळ्यात चांदीच्या रंगाची वाकडी नळी, तिला फितीची गाठ. सर म्हणाले, चिंचोका निघालाच आहे, आता सूज उतरली की नळी काढायची, भोक आपोआप बुजतं. मालन तिथं राहिली. मी दौंडला परतले आणि एक दिवसाआड शटलनं डबा पोचवायला लागले.

वॉर्डात छबी सगळ्यांची लाडकी झाली. आवाज नसल्यामुळं ती हातांनी बोलायची, रागावली की नर्सबाईंच्या पदराला झोंबायची. हौसराव येऊन गेला, सरांना नमस्कार केला, आणि कांद्याची पिशवी वत्सूच्या पायाशी ठेवून निघून गेला. वहिनी आली ती केळ्यांचा घड घेऊन.

"मामी!" मालन ओरडली.

"पोरीला न्हाई गं. हिला." वहिनीनं वत्सूला पलंगावर बसवलं, केळं सोलून तिच्या हातावर ठेवलं आणि शेजारी टेकली. "खा. तुला न्हाई कुनी भूल द्येत."

वत्सू हसली. आवाज न करता. केळं खाल्लं. दोघी एकाच पलंगावर बसल्या होत्या. ओढ्याअलीकडची आणि पलीकडची.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून पुन्हा "मधली रेष" ऐकू आलं. आता नळी करडाची होती, लहान. वत्सू सांगत होती, मऊ कसं लागतं ते बोटाला ओळखीचं करून ठेवायचंय. मी परात बघितली नाही, पण उठून गेलेही नाही. तुळस मात्र टोकालाच राहिली; तिथं ऊन चांगलं लागतं.

नळी काढायचा दिवस आला. मी डबा घेऊन गेले होते, वहिनीही आलेली. छबीला मांडीवर घेऊन मालन तयार. पलंगापाशी वत्सू आली आणि तिच्याबरोबर एक नवा डॉक्टर, डॉक्टर इनामदार. मिसरूड अजून नीट फुटलेली नाही. हात धुऊन आला होता तरी पुन्हा पुन्हा धुतोय अशी बोटं चोळत होता. वत्सू पलंगाच्या उशाशी जाऊन उभी राहिली. हात पाठीमागं. पाटणकर सर उभे राहायचे ना, तश्शी.

मालननं ते ओळखलं. "ह्ये काढनार?"

"हो," वत्सू म्हणाली.

"पयल्यांदा?"

"लहान मुलाची पहिल्यांदा. हो."

वहिनीनं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबणार होते. पण मालनच आधी बोलली. छबीचं डोकं तिनं दोन्ही हातांत घेतलं, सरळ, मधोमध.

"करू द्या त्यास्नी," ती म्हणाली. "पर बोलत करा म्हनावं."

इनामदार घसा खाकरून पुटपुटला, "फीत सोडतो..."

"आरं मोठ्यानं बोल की, बाबा!" वहिनी म्हणाली. "मला म्हातारीला ऐकू याया पायजे."

शेजारच्या पलंगावरचे हसले. पोरगा लाल झाला, पण त्याचा आवाज मोकळा झाला. "फीत सोडली. नळी धरली. आता काढतो. आली. भोकावर पट्टी दाबून धरतो. वारा आता वरून जायला पाहिजे."

छबीनं तोंड उघडलं. इतके दिवस तिला सवय झाली होती आवाज न येण्याची, म्हणून नुसतंच उघडलं. घोगरी एक फुंकर आली. वत्सू पुढं वाकली, पण हात मागचे पुढं आणले नाहीत. आम्ही सगळ्या त्या एवढ्याशा तोंडाकडं बघत होतो.

मग फुंकरीला धार आली, धारेचा आवाज झाला, आणि छबीनं असा टाहो फोडला की वॉर्डाच्या त्या टोकाची माणसं उठून बसली. स्वतःच्याच आवाजाला दचकून ती क्षणभर थांबली आणि दुप्पट जोरानं सुरू झाली. मालन तिला गप्प करायला गेली.

"करू नगं गं गप," वहिनी म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला. "रड, माजे बाई. मोठ्यानं रड."